स्वतःस क्षमा

शाळेच्या वार्षिक अंकासाठीं कांहीं तरी लिहून पाठवावें, अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हां प्रथम आम्हांस वाटलें कीं, विद्यार्थ्यांस उपयोगी पडेल असा एखादा बोधपर विषय निवडावा आणि त्यावर चार पानें भरून द्यावीं. वेळेचें महत्त्व, खरी मैत्री, वाचनाची आवड असे पुष्कळ विषय डोळ्यांपुढें आले. परंतु लेखणी हातीं घेतल्यावर मन त्यांपैकीं एकावरहि ठरेना. तें पुनः पुनः एका फाटकापाशीं जाऊन उभें राहूं लागलें. त्या फाटकाची गोष्ट आम्हीं आजवर फार थोड्यांस सांगितली आहे. ती येथें सांगावी कीं नाहीं, याचा बराच विचार केला. शेवटीं असें ठरविलें कीं, ज्या वयांत आमच्या हातून तो अपराध घडला, त्याच वयाचे मुलगे व मुली हा अंक वाचणार आहेत, आणि त्यांच्या मातापितरांच्या हातींहि तो पडणार आहे. तेव्हां उपदेशापेक्षां अनुभवच पुढें ठेवावा.

आपण सकाळीं प्रार्थनेस जमतों तेव्हां प्रभूनें शिकविलेली प्रार्थना म्हणतों. तींत आपण देवाजवळ आपल्या अपराधांची क्षमा मागतों, आणि दुसऱ्यांचे अपराध आपणहि सोडून देतों असें कबूल करितों. देवानें आपणांस क्षमा करावी, आपण शेजाऱ्यास करावी, इतकें त्या प्रार्थनेंत स्पष्ट आहे. पण ज्यास देवानें क्षमा केली, ज्याचा अपराध झाला त्या माणसानेंहि केली, तोच जर स्वतःस क्षमा करावयास तयार नसेल, तर त्यानें काय करावें? हा प्रश्न आम्हांस सोळा वर्षें छळीत होता.

सन १९७२ सालीं महाराष्ट्रांत मोठा दुष्काळ पडला. आमचें खेडें तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्याच्या कोरडवाहू भागांत होतें. वडील आमच्या लहानपणींच निवर्तले होते. घरची जमीन नव्हती. आई दुसऱ्यांच्या शेतांवर मोलमजुरी करून दोघांचें पोट भरी. आणि गांवच्या मंडळीच्या पाळकांनीं खटपट केल्यामुळें आम्हांस तालुक्याच्या गांवीं एका मिशन हायस्कुलांत फीमाफी व वसतिगृहांत जागा मिळाली होती. पावसानें दगा दिला, शेतें करपलीं, तशी मजुरीहि संपली. सरकारनें ठिकठिकाणीं दुष्काळी कामें काढलीं. कोठें रस्ता, कोठें पाझर तलाव, कोठें खडी. आमची आई खडीच्या कामावर जाऊं लागली. दिवसभर उन्हांत बसून हातोडीनें दगड फोडावयाचे आणि संध्याकाळीं ढीग मोजून द्यावयाचा. या कामांवरील मजुरांस सुकडी नांवाचें एक गोडसर, कोरडें, पिठूळ खाद्य मिळत असे. ज्यांच्या घरांनीं तें वर्ष काढलें, त्यांच्या जिभेवर त्याची चव अजून असेल.

आम्ही त्या वेळीं नववींत होतों आणि वर्गांत दुसरे तिसरे येत असूं. वसतिगृहांतील बहुतेक मुलें आमच्यासारखींच गरिबांचीं होतीं. परंतु आमची उठबस मात्र गांवांतून येणाऱ्या तीन-चार सुखवस्तु मुलांत असे. त्यांच्यांत आम्ही आपल्या घराविषयीं बोलत नसूं, आणि बोललोंच तर थोडें वाढवून बोलत असूं. खोट्याचें बीं असें आधींच पेरलेलें होतें. तें उगवावयास एक दिवस पुरला.

डिसेंबरांत, नाताळाच्या सुटीपूर्वीं, शाळेचें स्नेहसंमेलन व बक्षीससमारंभ होता. वक्तृत्वाच्या स्पर्धेंत आम्हांस पहिलें बक्षीस होतें. तें वर्तमान आम्हींच मोठ्या हौसेनें कार्ड लिहून आईस कळविलें होतें. पण ती येईल असें मनांतहि आलें नव्हतें. दुपारीं चारच्या सुमारास आम्ही मित्रांसह फाटकापाशीं पाहुण्यांस फुलें देण्यासाठीं उभे होतों. इतक्यांत रस्त्याच्या वळणावर आई दिसली. एस. टी. चे पैसे वांचवून ती पांच कोस पायीं आली होती. लुगड्यावर दगडाची पांढरी धूळ, पाय अनवाणी, हातोडीनें ठेंचलेल्या दोन बोटांस चिंधी बांधलेली, आणि कांखेंत एक गांठोडें. आम्हांस पाहतांच तिच्या चेहऱ्यावर जें हंसूं उमटलें, तें आजहि आम्हांस जसेंच्या तसें दिसतें.

एका मित्रानें विचारलें, "अरे, ती बाई तुझ्याकडे पाहून हंसते आहे. कोण रे ती?"

आम्ही म्हणालों, "आमच्या गांवची आहे."

"तुमच्या घरची कोणी का?" दुसऱ्यानें विचारलें.

"छे! आमच्या शेतावर कामाला असते." ज्यांच्या नांवावर वीतभर जमीन नव्हती, त्यांनीं हें उत्तर दिलें.

आई तोंवर जवळ आली होती. शेवटचे शब्द तिच्या कानीं पडले, याविषयीं आम्हांस त्या वेळींहि शंका नव्हती. पहिला मित्र स्वभावानें भला होता. त्यानें तिलाच अदबीनें विचारलें, "बाई, तुम्ही ह्याच्या कोण?" आम्ही खालीं मातीकडे पाहत राहिलों. एक शब्द बोललों असतों तर अजूनहि सर्व सांवरलें असतें. तो शब्द आम्हीं उच्चारला नाहीं. आईनें एकवार आमच्याकडे पाहिलें. मग ती म्हणाली, "कोन न्हाई, बाबा. ह्यांच्या आईनं सुकडी धाडलीया, ती द्याया आले व्हते."

तिनें गांठोडें आमच्या हातांत दिलें आणि आली त्याच वाटेनें ती परत फिरली. पाणीसुद्धां प्याली नाहीं. त्या सायंकाळीं दिव्यांच्या झगमगाटांत आमच्या नांवाचा पुकारा झाला, टाळ्या झाल्या, बक्षिसाचें पुस्तक हातीं आलें. त्या वेळीं ती अंधारांत रस्ता तुडवीत होती.

ती सुकडी आमच्यानें खाववली नाहीं. ती आम्हीं पेटीच्या तळाशीं ठेवून दिली. चार दिवसांनीं पाहतों तों तिला मुंग्या लागलेल्या. दुष्काळाच्या वर्षीं आपल्या तोंडचा घांस काढून आईनें जें अन्न आणलें होतें, तें आम्हीं रात्रीं लपून उकिरड्यावर टाकलें.

सुटींत घरीं गेलों तेव्हां मनांत धास्ती होती. आई त्या दिवसाविषयीं एक अक्षर बोलली नाहीं. तिनें बक्षिसाचें पुस्तक मागून घेतलें. तिला वाचतां येत नव्हतें; तिनें त्याच्या पुठ्ठ्यावरून हात फिरविला आणि तें पदरानें पुसून फडताळांत ठेविलें. ती रागें भरली असती, तर आम्ही तिच्या पायां पडलों असतों आणि प्रकरण त्याच दिवशीं मिटलें असतें, असें आम्ही पुढें पुष्कळ वर्षें स्वतःस सांगत आलों. आपला दोष तिच्या मौनावर ढकलण्याचाच तो एक प्रकार होता.

पुढें शिक्षण पुरें झालें आणि शहरांत शिक्षकाची नोकरी लागली. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत आईस मनीऑर्डर जाई. तींत कधीं खंड पडला नाहीं. आम्ही स्वतः मात्र वर्षांतून एकदां, आणि तेंहि दोन दिवसांसाठीं जात असूं. तिच्यासमोर बसलों कीं फाटक आठवे. तिच्या बोटांवरचे वण दिसत. घांस घशाखालीं उतरत नसे. रोज रात्रीं आम्ही गुडघे टेंकून त्या पापाची क्षमा मागत असूं. देव क्षमा करितो, हें आम्हीं लहानपणापासून ऐकलें होतें, आणि तें खरें आहे याविषयीं संशय नव्हता. तरी दुसऱ्या रात्रीं पुनः तीच विनंती. कर्ज फिटल्याची पावती खिशांत असतां एखाद्यानें रोज सावकाराच्या दारीं जाऊन बसावें, तसें आमचें झालें होतें. शिवाय आम्हीं आपणांस कांहीं शिक्षाहि लावून घेतल्या होत्या. कोणत्याहि बक्षीससमारंभास जावयाचें नाहीं. कोणी स्तुति केली तर ती ऐकून घ्यावयाची नाहीं. नाताळांत गोडधोड खावयाचें नाहीं. या नेमांस आम्ही मनांतल्या मनांत पश्चात्ताप म्हणत असूं. इतकेंच नव्हे, तर इतरांपेक्षां आपला पश्चात्ताप अधिक खोल आहे, असें एक गुप्त समाधानहि त्यांत असे, हें आतां कबूल केलें पाहिजे.

१९८८ सालच्या पावसाळ्यांत गांवाहून एक कार्ड आलें. अक्षर शेजारच्या मुलाचें, मजकूर आईचा. पैसे पोंचले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदु उतरला आहे. चुलीपुढें अंदाजानें काम करावें लागतें. यंदा नाताळास यावें. बस, एवढेंच. तें कार्ड घेऊन आम्ही आमच्या मंडळीच्या वृद्ध पाळकसाहेबांकडे गेलों आणि सोळा वर्षांत प्रथमच ती गोष्ट एका माणसाच्या कानांवर घातली. शेवटीं म्हणालों, "देवानें मला क्षमा केली असेल, पण मला स्वतःला क्षमा करतां येत नाहीं."

पाळकसाहेब बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग त्यांनीं विचारलें, "ही शिक्षा तुम्ही कोणाच्या निकालानें भोगतां आहां?"

"माझ्याच."

"आणि ती भोगतो कोण?"

आम्ही उत्तर देणार तोंच त्यांनीं आमच्या हातांतील कार्डाकडे बोट केलें. ते म्हणाले, "भोगते आहे ही बाई. त्या दिवशीं फाटकापाशीं तिचा मुलगा एकदां गेला. त्यानंतर तुम्ही दर महिन्यास तिला पैसे पाठवितां आणि मुलगा देत नाहीं."

आम्हीं मान खालीं घातली. फाटकापाशींहि अशीच घातली होती.

मग त्यांनीं योहानाचें शुभवर्तमान उघडलें. पेत्रानें प्रभूस नाकारलें तें प्रमुख याजकाच्या वाड्याच्या अंगणांत, चाकरांनीं पेटविलेल्या कोळशांच्या विस्तवापाशीं. थंडी होती, तो शेकत उभा होता, तीन वेळां विचारणा झाली आणि तिन्ही वेळां तो नाहीं म्हणाला. पुनरुत्थानानंतर प्रभु तिबिर्याच्या समुद्राकांठीं शिष्यांस भेटला, त्या पहाटेसहि तेथें कोळशांचा विस्तव होता. मूळ ग्रीक भाषेंत या विस्तवास जो शब्द आहे, तो सबंध नव्या करारांत या दोनच ठिकाणीं येतो, असें पाळकसाहेबांनीं दाखवून दिलें. प्रभूनें प्रथम शिष्यांस भाकर व मासळी खाऊं घातली. मग पेत्रास आपल्यावरील प्रीतीविषयीं तीन वेळां विचारलें. जितके नकार, तितक्याच विचारणा. त्या रात्रीचें नांवहि प्रभूनें काढलें नाहीं. परंतु ती घडलीच नाहीं असेंहि दाखविलें नाहीं. आणि पेत्राच्या प्रत्येक उत्तरापाठोपाठ त्यानें एक काम सोंपविलें, तें आपल्या मेंढरांस सांभाळण्याचें.

"आतां दुसरा शिष्य पाहा," पाळकसाहेब म्हणाले. यहूदासहि पस्तावा झाला होता. त्यानें अपराध कबूल केला, तीस रुप्याचीं नाणींहि परत नेलीं. पेत्रानें त्या रात्रीं रडण्यापलीकडे कांहींच केलें नव्हतें. मग अंतर कोठें पडलें? ज्यांना त्याच्या जिवाशीं कांहीं कर्तव्य नव्हतें, अशा माणसांपुढें यहूदानें आपली कबुली नेली. आणि त्यांनीं हात झटकल्यावर तो स्वतःच आपला न्यायाधीश झाला व स्वतःच शिक्षा देऊन मोकळा झाला. पेत्र आपली लाज घेऊन भावांमध्येंच राहिला. आणि कांठावर प्रभु उभा आहे असें कळतांच त्यानें नावेंतून पाण्यांत उडी घेतली. लाज अजून गेली नव्हती. तरी तो प्रभूच्या दिशेनें गेला.

निघतांना त्यांनीं आम्हांस उधळ्या पुत्राची गोष्ट नीट वाचावयास सांगितली. त्या मुलानें परत येतांना बापासाठीं एक भाषण मनांत जुळविलें होतें. त्याचा शेवट असा होता कीं, आतां मला मुलगा म्हणूं नका, चाकर म्हणून ठेवा. प्रत्यक्ष बापाच्या गळ्यांत पडल्यावर तें शेवटचें वाक्य त्याच्या तोंडून निघालेलें शुभवर्तमानांत नाहीं. बाप मध्येंच झगा आणि अंगठी आणावयास सांगतो. पाळकसाहेब म्हणाले, "मुलाची कबुली बापानें ऐकून घेतली. पण मुलानें आपल्यासाठीं ठरवून आणलेली शिक्षा त्यानें ऐकून घेतली नाहीं. तुम्ही सोळा वर्षें तेंच वाक्य घोकीत आहां."

त्या वर्षीं नाताळाच्या दोन दिवस आधीं आम्ही घरीं गेलों. आई ओट्यावर बसली होती. तिनें पावलांच्या आवाजावरून ओळखलें. रात्रीं जेवणें झाल्यावर आम्हीं तिला सर्व सांगितलें. तीन उत्तरें, मातीकडे पाहणें, मुंग्या लागलेली सुकडी, कांहीं राखून ठेविलें नाहीं. आम्ही लहान होतों, असें म्हणावयाचें अगदीं जिभेवर आलें होतें, तें गिळलें. लहान होतों हें खरें. पण आम्ही काय करीत होतों हें आम्हांस समजत होतें, हेंहि खरें.

आईनें सर्व ऐकून घेतलें. मग ती म्हणाली, "मला ठावं हाय, लेकरा. मी व्हतेच की तिथं." थोडें थांबून पुढें म्हणाली, "वाटंनं लई रडले. नदीवर आले, त्वांड धुवावं म्हनलं, तर नदीत पानी न्हाई. पदरानंच पुसलं. अन् तिथंच वाळूत बसून देवाला सांगितलं, पोर हाय, त्याच्यावर धरू नगस. माझं तवाच मिटलं. तुझं अजून मिटलं न्हाई व्हय?"

आम्हांस बोलवेना. तिनें चांचपत आमच्या डोक्यावर हात ठेविला आणि विचारलें, "सुकडी मुंग्यांनी खाल्ली म्हंतोस? खाऊ दे. त्या वर्साला मुंग्यास्नी तरी कोन देत व्हतं?" सोळा वर्षें जी आठवण आम्हांस दगडासारखी वाटत होती, तिच्यावर त्या रात्रीं आम्ही दोघें हंसलों. मग ती म्हणाली, "आता रडत बसू नगंस. मला दिसत न्हाई. नाताळच्या दिशी देवळात हात धरून न्यायला कुनी तरी पायजे."

नाताळच्या सकाळीं आम्ही आईचा हात धरून प्रार्थनामंदिराकडे निघालों. तीं दोन बोटें आमच्या मुठींत होतीं. वाटेंत पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानें विचारलें, "कोन हाय गं संगं?" आई उत्तर द्यावयाची थांबली. तें उत्तर तिनें आमच्यासाठीं ठेविलें होतें. आम्ही मोठ्यानें म्हणालों, "मी तिचा मुलगा."

पुढें आम्हीं तिला शहरांत आणून डोळ्यांची शस्त्रक्रिया करविली. एका डोळ्यानें तिला चांगलें दिसूं लागलें. त्यानंतर ती अकरा वर्षें जगली, आणि त्यांतील बहुतेक काळ आमच्याजवळ होती. तीं अकरा वर्षें आम्हांस मिळालीं, याबद्दल देवाचे उपकार मानतों. त्यांपूर्वींचीं सोळा वर्षें आम्हीं पश्चात्तापाच्या नांवाखालीं घालविलीं, याची हळहळ आहे. पण त्या हळहळीचीहि नवी शिक्षा करून घ्यावयाची नाहीं, एवढें आम्ही शिकलों.

या अनुभवानंतर आम्हीं शास्त्र पुनः वाचलें, तेव्हां एक गोष्ट लक्षांत आली. स्वतःस क्षमा करावी, अशा शब्दांत आज्ञा पवित्र शास्त्रांत कोठेंच नाहीं. पौल एवढेंच सांगतो कीं, तो स्वतःचा न्याय स्वतः करीत नाहीं, न्याय करणारा प्रभु आहे. योहान सांगतो कीं, आपलें मन आपणांस दोष देत असेल तेव्हांहि देव त्या मनापेक्षां थोर आहे. म्हणजे स्वतःस क्षमा करणें हें स्वतःस निर्दोष ठरविणें नव्हे. जी न्यायाची खुर्ची आपली नाहीं, तीवरून उठणें, इतकाच त्याचा अर्थ. वधस्तंभावर प्रभूनें ज्या पापाचें मोल भरलें, त्यासाठीं आपण पुनः रोज थोडी थोडी भरती करीत राहिलों, तर त्यानें भरलेलें अपुरें होतें असें म्हटल्यासारखें होतें. आम्हांस जी नम्रता वाटत होती, तिच्या पोटीं असा अभिमान दडलेला होता.

संस्कृतांत क्षमा हें पृथ्वीचेंहि नांव आहे. आपण तिच्यावर कुदळ घालतों, नांगर फिरवितों, तरी ती आपणांस अंगावर उभें राहूं देते व पीकहि देते. देवाची क्षमा तशी आहे. ती नुसती पाहावयाची नसते. तीवर उभें राहावयाचें असतें आणि तींत कांहीं पेरावयाचें असतें. पेत्राचेंच पाहा. पुढें यरुशलेमेंत मंदिरापाशीं लोकांपुढें बोलतांना त्यानें त्यांस स्पष्ट सांगितलें कीं, तुम्हीं पवित्र व नीतिमान पुरुषास नाकारलें. नाकारणें हा शब्द तोंडावाटे काढणें त्याला किती जड गेलें असेल! पण ज्याची जखम भरून आली आहे, तोच तो शब्द उच्चारूं शकतो, आणि लगेच पुढें पश्चात्ताप करा, पापें पुसून टाकलीं जातील, असेंहि सांगूं शकतो.

इतिहासांतहि याचीं उदाहरणें आहेत. १७२५ सालीं इंग्लंडांत जन्मलेला जॉन न्यूटन हा गुलामांच्या व्यापारांतील खलाशी होता. १७४८ सालीं समुद्रांत वादळांत सांपडला असतां तो देवाकडे वळला. तरी त्यानंतरहि कांहीं वर्षें त्यानें तोच व्यापार केला, गुलामांच्या जहाजाचा कप्तानहि झाला, आणि १७५४ पर्यंत समुद्र सोडला नाहीं. १७६४ सालीं तो धर्मोपदेशक झाला. आपण केलेल्या क्रूरतेविषयीं त्याला मौन पाळतां आलें असतें. परंतु १७८८ सालीं त्यानें त्या व्यापाराविरुद्ध पुस्तिका प्रसिद्ध केली व आपण तेथें काय पाहिलें आणि काय केलें तें उघड लिहिलें. त्याच्या साक्षीचा चळवळीस मोठा उपयोग झाला. १८०७ सालीं ब्रिटिश पार्लमेंटनें गुलामांच्या व्यापारास बंदी घातली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत न्यूटन वारला. आपलें पाप तो विसरला असता, तर ही साक्ष कोणी दिली असती? आणि त्या पापाखालीं तो चिरडला गेला असता, तरीहि ती कोणी दिली असती?

आपल्या महाराष्ट्रांतील पंडिता रमाबाईंनीं १८८३ सालीं इंग्लंडांत बाप्तिस्मा घेतला. विद्येंत त्यांची बरोबरी करणारे थोडे. तरी ख्रिस्ती धर्म आपणांस सांपडला, पण मनाची शांति त्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं मिळाली, असें त्यांनीं आपल्या साक्षीच्या लहानशा पुस्तकांत सांगितलें आहे. क्षमा आहे हें समजणें निराळें, आणि ती हातीं घेणें निराळें. त्या शांतीनें त्या स्वस्थ बसल्या नाहींत. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्यांनीं शेंकडों निराधार मुलींस आश्रय दिला, आणि केडगांवचें मुक्तिसदन उभें राहिलें.

विद्यार्थ्यांनो, तुमच्या हातूनहि चुका होतील. कोणी परीक्षेंत नक्कल करील, कोणी मित्राच्या नांवावर आपला दोष ढकलील, कोणी आपल्या आईबापांची लाज धरील. तसें झालें तर दोन खड्डे टाळा. सगळेच असें करितात, म्हणून सोडून देणें हा एक खड्डा. माझ्यासारखा पापी कोणीच नाहीं, म्हणून तोंड लपवून बसणें हा दुसरा. अपराधास त्याच्या खऱ्या नांवानें हांक मारा. देवापुढें तो कबूल करा. ज्याचा अपराध केला त्याच्याकडे लौकर जा. सोळा वर्षें थांबूं नका. जक्कयाप्रमाणें परत देण्यासारखें असेल तें परत द्या. ज्याचा अपराध केला तो माणूस आतां हयात नसेल, तर जें त्याला देतां येत नाहीं तें दुसऱ्या कोणास द्या. मग हातीं जें काम येईल तें करूं लागा. आणि मनांत अंधार फार दाटला तर एकटे राहूं नका. आईबाप, शिक्षक, पाळक, ज्यांच्यावर विश्वास असेल त्यांस त्याच दिवशीं सांगा.

मातापितरांस आमची एकच विनंति आहे. मूल चूक कबूल करावयास येईल तेव्हां त्याचें बोलणें पुरें होऊं द्या, आणि एकदां क्षमा केलेली गोष्ट पुढच्या रागाच्या वेळीं पुनः बाहेर काढूं नका. घरांत मिटलेलें प्रकरण खरोखर मिटतें, असें ज्या मुलानें पाहिलें आहे, त्याला देवाची क्षमा खरी मानणें सोपें जातें. आमच्या आईस अक्षरओळख नव्हती. परंतु कोरड्या नदीच्या वाळूंत बसून तिनें जें केलें, त्याहून मोठा धडा आम्हांस कोणत्याहि पुस्तकांत मिळाला नाहीं.

आजहि कोणत्याहि शाळेच्या स्नेहसंमेलनास गेलों कीं आमची नजर आधीं फाटकाकडे जाते. धुळीनें माखलेल्या पायांनीं कोणी आई तेथें संकोचून उभी असेल, तर आम्ही पुढें होऊन तिला आंत आणतों आणि पाणी देऊन पुढच्या रांगेंत बसवितों. त्या दिवसाची आठवण गेलेली नाहीं. पण आतां तिनें आमच्या हातीं हें काम दिलें आहे. हा अंक वाचणाऱ्या प्रत्येकास प्रभूची ही शांति लाभो, हीच आमची प्रार्थना.